नऊ मुकादम

पुण्याच्या साहेबांनी रितेशला एकट्याला फोन करून सांगितलं होतं, "आजपासून टीम लीडर तू. पत्र येईपर्यंत कोणाला बोलू नकोस." तेव्हापासून तो टोकावड्याच्या घरी पडवीत लॅपटॉप घेऊन बसायचा आणि पाच गावांतल्या पाच सहकाऱ्यांना दिवसभर विचारायचा, "काम कुठवर आलं?" पत्र काही येत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर आई, वत्सलाबाई, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून निवांत पडली होती. ओढ्यापलीकडे तिच्या शेतात नऊ बायका भाताची रोपं लावायला, आवणीला होत्या. तिने एक फोन केला नाही, तरी चारच्या आत आवणी उरकली.

"आई, इथं बसून जमवलंस कसं?"

"काल गोजरला बाजूला घेतली. म्हटलं, मुकादम तू. बाकीच्यांवर नजर ठेव गो, पण कोणाला बोलू नको."

"आणि बाकीच्या आठ?"

"त्यांना पण एकेकीला तेच सांगितलं. नाय तर काय!"

रितेश पोट धरून हसला. हसतहसतच त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. पाचही जणांचा निरोप आला होता, "रितेश, काम कुठवर आलं?"