चार अंगठे

रागनहिल्डआजी नातवासाठी विणलेले हातमोजे घेऊन फेरीबोटीत चढली. प्रत्येक मोज्याला दोन अंगठे होते. नॉर्वेच्या याच खाडीत तिचा नवरा असेच मोजे घालून वल्ही मारायचा, माणसांना पलीकडे न्यायचा. एका बाजूचा तळवा झिजला की मोजा फिरवून दुसरा अंगठा वापरायचा. आता नातू या फेरीबोटीचा कप्तान झाला होता.

तिने कप्तानाच्या खोलीचं दार लोटलं. आत चिटपाखरू नव्हतं. इतक्यात बोट निघाली. आजी दाराकडे धावली.

"धावा रे! बोट सुटली!"

"आजी, मीच चालवतोय," स्पीकरमधून नातवाचा आवाज आला. "शहरात, ऑफिसात बसून. कॅमेऱ्यात दिसतेस तू मला."

आजीने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मोजे कॅमेऱ्यापुढे नाचवत ती ओरडली, "मग हे चार अंगठे कुणासाठी विणले मी, मेल्या?"