टाकाऊ पाणी

पेढ्यांचा पुडा सिस्टरच्या हातात देऊन रेडेकरकाका डायलिसिस वॉर्डातून निघाले, पण दारापर्यंत जाऊन परत आले. नवी किडनी बसून चार महिने झाले होते. आता इथे त्यांचं काहीच काम नव्हतं.

चार वर्षं दर मंगळवारी-शुक्रवारी ते इथे यायचे. सोबत कुणी नसायचं. आठवड्यात काय बोलणं व्हायचं ते इथेच. त्यांना स्वतःला दिवसाला लिटरभरच पाणी प्यायची मुभा, आणि मशीनसाठी पाणी शुद्ध करताना उरलेलं पिंपंच्या पिंपं पाणी गटारात जायचं. ते काही त्यांना बघवेना. नगरपालिकेत तीस वर्षं नळ जोडलेला माणूस. त्यांनी स्वतः पाइप ओढून ते पाणी मागच्या मोकळ्या जागेत नेलं आणि तिथे शेवगा, जास्वंद, कढीपत्ता लावला.

"सिस्टर, मंगळवार-शुक्रवार येत जाऊ का? झाडांना पाणी घालायला?"

सिस्टर हसल्या. "घालायला कशाला लागतंय, काका? तुमच्या पाइपनं आपोआप जातं की! तुम्ही आता आरामात घरी बसा."

"हो, तेही खरंच."

काका मागच्या दारानं बाहेर पडले. पाइपपाशी बसून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि एक जोड अर्धा फेरा सैल केला. टपकणारा थेंब बरोबर कढीपत्त्याच्या मुळाशी पडतोय, हे बघूनच ते उठले.

मग खिडकीतून त्यांनी हाक मारली, "सिस्टर, जोड गळतोय हो! शुक्रवारी पाना घेऊन येतो."