वाघाच्या मिश्या

केलगेरीला दर रविवारी जुन्या चित्रकथांचे वेडे जमत आणि सही नसलेलं चित्र कुणाच्या हातचं, याबाबत श्रीवत्सअण्णांचा शब्द शेवटचा असे. त्या रविवारी उमेशने पिशवीतून एक पान काढलं. "अण्णा, आपल्या वाघवाल्या चित्रकाराचं मूळ पान! त्यांच्या पुतण्यानं दिलं." अण्णांनी अंगठा फिरवला. आधीच्या मिश्या पांढऱ्या रंगानं झाकून वाघाला नव्या काढल्या होत्या. तो उंचवटा बोटाला लागला. दुसऱ्याचं चित्र गिरवणारा असा मधेच विचार बदलत नाही. पान अस्सल होतं. त्याच चित्रकाराच्या दारातून अण्णा हात हलवत परतले होते, आणि या कालच्या पोराला अख्खं पान! अण्णांचा जळफळाट झाला. "कुणीतरी गिरवलंय रे," ते म्हणाले. पुढच्या रविवारी उमेश हसतच आला. "तुम्ही सांगितल्यावर लेकीला रंगवायला दिलं, बघा!" सगळे हसले. अण्णांचा अंगठा हिरव्या मेणखडूखाली मिश्या शोधत होता.