खर्र-चक

"पुल," व्हर्लिननं चकत्या सोडायचा इशारा दिला आणि डेल्मरनं बटण दाबलं.

खड्ड्यातल्या यंत्रानं नेमबाजीच्या सरावाच्या दोन नारिंगी चकत्या एकदम उडवल्या. पहिलीचा भुगा झाला. दुसरीवर वळताना व्हर्लिनचा डावा हात आपसूक मागे गेला, बंदुकीची नळी खाली झुकली आणि बार कापलेल्या मक्यात घुसला. चकती निवांत तरंगत कुंपणापलीकडे उतरली.

"सात," डेल्मर म्हणाला. "मक्याचे सात बुडखे मारलेस. शेत माझं आहे म्हणून बोलत नाही."

बंदूक नवी कोरी होती, एकावर एक दोन नळ्यांची. चाप दोनदा ओढला की दोन बार, मध्ये काही करायचं नाही. घोडं तिथंच पेंड खात होतं. जुन्या बंदुकीला प्रत्येक बारानंतर नळीखालचा लाकडी दांडा खर्रकन मागे ओढून चक करत पुढे ढकलावा लागे. जानेवारीत बर्फावर घसरून व्हर्लिनचा खांदा गेला, डॉक्टरनं ती ओढाओढ बंद केली आणि आर्डिसनं नवऱ्याला ही बंदूक आणून दिली. बंदूक त्याला मनापासून आवडली होती. हलकी होती, खांद्याला लावली की जणू तिथलीच होती. पण डाव्या हातानं बावन्न वर्षं जे केलं, ते सोडायला तो हात तयार नव्हता.

आणि शनिवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होत होता. रांगेनं शेतातून चालायचं, पक्षी उठवायचा. पहिला बार चुकतो, कधी पक्षी नुसता जखमी होतो. दुसरा बार बसलाच पाहिजे. जखमी पक्षी तसाच सोडणाऱ्याला इथं कुणी रांगेत घेत नाही. तोंडावर कुणी बोलत नाही म्हणा. तो माणूस एका वर्षी डेल्मरच्या पिकअपमध्ये सँडविचं सांभाळताना दिसतो, एवढंच. गुडघे गेल्यापासून डेल्मरच ती गाडी शेताच्या दुसऱ्या टोकाला नेत असे, एकटा.

आज येताना व्हर्लिननं त्या गाडीत डोकावून पाहिलं होतं. शेजारच्या सीटवर कायम पाने, पकडी, तारांची भेंडोळी आणि कसली तरी पोती असत. आज ती झाडून पुसून लख्ख होती, वर घडी घातलेला टॉवेलसुद्धा होता.  म्हणजे त्याला रांगेतून काढून गाडीत बसवायचं यांचं आधीच ठरलं होतं.

"पुल."

पहिली फुटली. हात मागे. आठ.

"शनिवारी माझ्याबरोबर ये," डेल्मर बटणाकडे बघत म्हणाला. "हीटर चांगला आहे. वाटलं तर गाडी तू चालव."

"याच्या हातात गाडी?" आर्डिस घडीच्या खुर्चीवरून म्हणाली. तिच्या मांडीवर कॉफीचा थर्मास होता. "ऑटोमॅटिक घेऊन अकरा वर्षं झाली, अजून डाव्या पायानं क्लच शोधतो. रविवारी चर्चच्या दारात ब्रेकवर पाय दिला, माझं कपाळ काचेवर. पाय काय न् हात काय, दोघं एकाच आईची लेकरं."

डेल्मर खो खो हसला. व्हर्लिनही हसला, पण नळीकडे बघत.

"हे बघ, ठरवून करत नाही मी," तो म्हणाला. "पहिला बार झाला की हात वाट बघतो. कशाची, ते मलाही कळत नाही."

आर्डिसनं थर्मास खाली ठेवला. "मला कळतं," ती म्हणाली आणि उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "घाल काडतुसं."

त्यानं बंदूक उघडून दोन काडतुसं घातली. वाऱ्यात वाळल्या पात्यांचा वास होता.

"पुल."

पहिली चकती फुटली. त्याच क्षणी पाठीमागून आर्डिसनं जीभ टाळूला लावून आवाज काढला, "खर्र-चक." स्वयंपाकघराच्या खिडकीतून सेहेचाळीस वर्षं ऐकलेला आवाज, जसाच्या तसा. डावा हात जागचा हलला नाही. त्याच्या लेखी त्याचं काम झालं होतं. दुसऱ्या चकतीच्या हवेतच ठिकऱ्या झाल्या.

 व्हर्लिननं बंदूक उघडली, रिकामी काडतुसं खाली टाकली, पुन्हा दोन घातली. पुन्हा तसंच. आणखी तीन जोड्या, आणखी तीन खर्र-चक. एकही चकती कुंपणापलीकडे गेली नाही. व्हर्लिनला इतका आनंद झाला की बायकोकडे वळून बघायचं धाडस होईना.

"म्हणजे शनिवारी मीही चालायचं," आर्डिस म्हणाली. "बूट शोधायला हवेत."

"चालू या," व्हर्लिन म्हणाला.

डेल्मर यंत्राची तार गुंडाळत होता, गरज नसताना दुसऱ्यांदा. "बरं झालं," तो म्हणाला. "मी आपला उगाच ती सीट पुसत बसलो. पोत्याखाली काय काय निघालं, विचारू नका."

व्हर्लिननं त्याच्याकडे पाहिलं, मग तो दर हंगामात एकटाच चालवायचा त्या गाडीकडे. टॉवेल नवा होता, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती.

"पहिली दोन शेतं मी चालेन," तो म्हणाला. "तिसऱ्याच्या वेळी मला ती सीट लागेल. तिच्यावर परत पाने टाकू नकोस."

"बघतो," डेल्मर म्हणाला. किल्ल्या खिशात टाकून तो गाडीकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यानं तोंडानं हळूच आवाज काढून पाहिला, खर्र-चक. आर्डिससारखा जमला नाही. त्यानं पुन्हा काढला.