डीमध्ये घेतलेलं

दिगंबररावांच्या मेंदूतली चिप वरचेवर अडकायला लागली, म्हणून सिस्टीम नव्याने टाकायला हेमलताबाई त्यांना केंद्रात घेऊन आल्या.

"सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जाईल," तिथला तंत्रज्ञ तांबोळी म्हणाला. "जपायचं ते सगळं डीमध्ये घेतलंय ना, काका?"

"आठवडाभर तेच तर करत होतो," दिगंबरराव हसले.

तासाभराने त्यांनी डोळे उघडले. पाढे, शाळेतल्या मास्तरांची नावं, आईच्या थालीपिठाची चव, सगळं जागेवर होतं. हेमलताबाईंचा जीव भांड्यात पडला. सवयीने त्या त्यांची कॉलर सारखी करायला गेल्या, तर ते अंग चोरून मागे सरकले.

तांबोळी पडद्याकडे बघतच राहिला.

"काकू, ही चूक बरेच जण करतात," तो हळूच म्हणाला. "जुनं, क्वचित लागणारं लोक आठवणीने डीमध्ये टाकतात. रोजचं मात्र समोर डेस्कटॉपवरच राहतं. आणि डेस्कटॉप सीमध्ये असतो."

हेमलताबाई मटकन खाली बसल्या. दिगंबररावांनी लगबगीने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"घ्या बाई," ते अदबीने म्हणाले. "तुमचं कोण आहे आत?"