खडूची रेघ

शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून सकाळचे ऊन उतरले, सावकाश सरकत लोखंडी प्लेटवर आले आणि तिथेच रेंगाळले. रोजचेच ऊन, पण आज धुरकट. धूळ असेल, असे मी मनाला समजावले.

प्लाझ्माच्या झगझगीत झोताने लोखंड कापताना वर्षभर मी काळा चष्मा कपाळावर सरकवत आलो होतो, कारण त्या काचेतून खडूची रेघ पुसट दिसे.

"रेघेच्या दोन बोटं बाहेर गेलास," गेनूमिस्त्री म्हणाले. मी कापायची टॉर्च बंद केली. वाकून त्यांनी प्लेटवरून हात फिरवला. "रेघ जाड केलीय. आता दिसते?"

"दिसते, मामा."

ते सरळ उभे राहिले. "खडू तुझ्याच खिशात आहे रे."

मी खिसा चाचपला. खडू होता. कित्येक दिवस मला रेघ दिसतच नव्हती.