छातीतला करंट

"कुणाला सांगितलं तर पटायचं नाय," पाटावर बसता बसता कडुबा म्हणाला, "पण माझ्या छातीत करंट साठलाय. डाव्या बाजूला हात लावू नको, चतुरे. थेट शहागंजात जाऊन पडशील."

दिवाळीचा पाडवा. नवऱ्याला तेल-उटणं लावायची सकाळ. टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून दोघांच्या अंघोळीला मिळून एकच बादली. चतुराबाईनं तळहातावर कोमट तेल घेतलं आणि पाठीपासून सुरुवात केली.

"तीस वर्षं सबस्टेशनात काढली, चेष्टा नाय. आधी तिथं नुसती ज्वारी व्हती. मग कॉलन्या आल्या, कारखाने आले, तशा डोक्यावर तारा वाढल्या. खाली उभं राहून हातात ट्यूब धरली की आपसूक पेटायची. माझ्या हातात तर फुटकीबी पेटायची!"

"व्हय का?" तिचा हात खांद्यावर आला.

"एकदा अख्ख्या गुलमंडीची लाईट गेली, तर लोक मलाच न्यायला आले..."

हात खांद्यावरून पुढं उतरला. कडुबानं तो धरला. तिनं हळूच सोडवून घेतला आणि डाव्या छातीवर ठेवला. बोंडाच्या बाजूला सुपारीएवढी टणक गाठ होती.

"झटका नाय बसला," ती म्हणाली.

कडुबानं खांद्यावरचं तेल उगाच पुढं चोळलं.

"बन्सीला अशीच आली व्हती. सबस्टेशनात आमच्याच पाळीला व्हता तो. तारांनी झालं का, म्हणून त्यानं मोठ्या डॉक्टरांना इचारलं. ते म्हणाले, कुणी म्हणतं व्हय, कुणी म्हणतं नाय, नक्की कुणालाच ठाऊक नाय. आम्ही मात्र लई हसलो, चतुरे. बाप्याला बाईचा आजार म्हणून. मी तर टपरीवर त्याची नक्कल करायचो. त्या लाजंपायी तो दवाखान्यात उशिरा गेला."

चतुराबाईनं पदराला हात पुसले.

"अंघोळ उरका. दवाखान्यात जायचंय."

"पाडव्याच्या दिवशी? आन् एवढी घाई कशाला? आत्ता कुठं आठ दिवस झालेत गाठीला."

तिनं तांब्याभर पाणी घेतलं आणि त्याच्या खांद्यावर बेताबेतानं ओतलं.

"खोटं. मागल्या पाडव्यालाबी छातीला मला हात लावू दिला नव्हता, तेल तुमचं तुम्हीच चोळलं व्हतं."